काचीगुड्याच्या स्कूटरवाल्या काकांना, नांदेडहून

नमस्कार काका,

एमएच २६ पासिंगची पांढरी गाडी, आत डोळ्यांना काळा चष्मा लावलेले माझे बाबा आणि गाडी चालवणारी मी, आठवतंय ना? तुम्ही नंबर काही दिला नाहीत. "नंबर कशाला, घर बघितलंय की, परत आलात की या" एवढंच म्हणालात. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनाही विचारलं तर त्यांनीपण हसून हातच हलवला. म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय, हैदराबादच्या मराठी ग्रुपमधे कुणीतरी पुढे पाठवेल आणि फिरत फिरत तुमच्यापर्यंत येईलच. काचीगुडा, बडी चौडी, इसामिया बाजार या भागात कुणी मराठी माणूस हे वाचत असेल तर प्लीज आपल्या ओळखीच्या जुन्या ग्रे स्कूटरवाल्या, पांढऱ्या केसांच्या काकांना दाखवा.

तुम्ही भेटायच्या आधी आमचं काय झालं होतं ते तुम्हाला त्या दिवशी नीट सांगताच आलं नाही, मी इतकी वैतागले होते की बोलायचीच ताकद नव्हती. तर सांगते.

नांदेडचे लोक हैदराबादला म्हणजे रेल्वेनेच जातात, रात्री बसायचं आणि सकाळी काचीगुड्याला उतरायचं, आमच्या तीन पिढ्या तशाच गेल्यात. यावेळी बाबांना काचबिंदूसाठी बंजारा हिल्सच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, त्यांचे गुडघेही दुखतात, प्लॅटफॉर्मचे जिने नको वाटत होते म्हणून गाडी काढली. देगलूर, पिटलम, जोगीपेठ, रस्ता मस्त झालाय आता, संगारेड्डीपर्यंत तर बाबा गाणी म्हणत होते. पटानचेरू आलं आणि सगळं बदललं. मियापूरपासून डोक्यावर मेट्रो, खाली चार लेन म्हणायच्या पण चालतात सहा, कूकटपल्लीला तर बाईकवाले उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी आरशाला खेटून जात होते आणि फोनवरची बाई शांतपणे सांगतेय की दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. कुठून वळा? तिथे वळताच येत नाही, दुभाजक बंद केलेला! उजवीकडे जायचं तर आधी सरळ जायचं, मग यू-टर्न, मग उलटं मागे येऊन डावीकडे, हे तिथल्या माणसाला रोजचं आहे पण बाहेरून आलेल्याला कोण सांगणार. आणि यू-टर्नसाठी आधीपासून उजव्या लेनमधे असावं लागतं, आम्ही मधे अडकलेलो, मागचे हॉर्न मारतायत, एक चान्स गेला की पुढचा कट कुठे येईल त्याचा भरवसा नाही.

मेट्रोखाली लोकेशनही नीट पकडत नाही. बाण कधी शेजारच्या गल्लीत तर कधी फ्लायओव्हरच्या वर, आणि आम्ही खाली. पंजागुट्ट्याला वर चढायचं की खालून जायचं हे ठरवायला दोन सेकंद मिळतात, त्या दोन सेकंदांत मागचा ऑटोवाला ठरवतो तुम्ही कुठे जायचं ते.

लोकांना विचारलं नाही असं नाही हां. खूप विचारलं. एका पानटपरीवाल्या पोराने "पिलर नंबर बोलो ना दीदी" म्हटलं, तिथे सगळे पत्ते मेट्रोच्या खांबाच्या नंबरावर चालतात हे मला तेव्हा कळलं, आणि आमच्याकडे तर काचीगुड्याकडच्या, मुक्कामाच्या लॉजचं फक्त नाव आणि गल्ली होती. एका होमगार्डने चांगलं सांगितलं पण तेलुगूत, "स्ट्रेट वेळंडी" एवढं कळलं, पुढचं सगळं वाऱ्यावर. एका कारवाल्याने काच खाली करून, नंबरप्लेटकडे बघून, "चलाना नहीं आता तो लाते कायकू गाड़ी" असं सुनावलं. बाबा शेजारी बसलेले. ते काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं ते. वर प्रत्येक सिग्नलला कॅमेरा, स्टॉप लाइनवर चाक गेलं तरी फोटो निघतो आणि चलान घरी येतं म्हणे, त्याची वेगळी धास्ती.

खैरताबाद, लकडी का पूल, नामपल्ली, आबिड्स करत कोठीला आलो तेव्हा अंधार पडायला लागला होता. कोठी आणि सुलतान बाजार, काका, तुम्हाला सांगायला नको. फुटपाथवर दुकानं, दुकानांपुढे हातगाड्या, हातगाड्यांपुढे उभी केलेली वाहनं आणि उरलेल्या जागेत बस. वनवे आहे म्हणून एका बाजूने हाकलून दिलं, फिरून परत त्याच चौकात आलो, परत फिरलो, परत तोच चौक. एका ठिकाणी कडेला थांबले तर पार्किंगच्या नावाने एकाने पैसे घेतले, पावती मागितली तर दिली नाही, आणि लगेच दुसरा आला की इथे लावायची नाही. बाबांना सकाळपासून धड खाणं नाही, औषधाचा ड्रॉप टाकायची वेळ झालेली. पुतलीबावलीजवळ गाडी कशीबशी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

तेव्हा तुम्ही काचेवर टकटक केलंत. मला वाटलं आला आणखी एक ओरडायला.

आणि तुम्ही म्हणालात, "नांदेडचे का? कुठं जायलेत तुम्ही?"

काका, आपल्याकडचं "जायलेत" ऐकलं आणि माझ्या डोळ्यातून पाणीच आलं, खरंच सांगते. बाबांनी तर काळा चष्मा काढून तुमच्याकडे बघायचा प्रयत्न केला. तुम्ही लॉजचं नाव ऐकलं, एवढंच म्हणालात की पत्ता सांगून उपयोग नाही, मी पुढे होतो, माझ्या मागे या, घाई करायची नाही, मागचा कितीही हॉर्न मारू दे.

आता यापुढचं मी मुद्दाम सविस्तर लिहिणारे कारण ते मला आयुष्यभर लक्षात राहणार आहे. तुम्ही स्कूटर अगदी वीसच्या स्पीडने चालवत होतात. वळण यायच्या खूप आधी इंडिकेटर, शिवाय हात बाहेर. खड्डा किंवा गर्दी असली की तळहात खाली दाबून दाखवायचात, म्हणजे हळू. एका सिग्नलला तुम्ही निघून गेलात आणि आमच्यावर लाल पडला, माझा जीव खालीवर, आता हरवले काका. तर तुम्ही पलीकडे मेट्रोच्या खांबाला लागून थांबला होतात, हेल्मेट काढून हातात धरलेलं, अंधारात पांढरे केस लांबून दिसावेत म्हणून. नंतर काकूंनी सांगितलं की तुम्ही भाजी आणायला निघाला होतात आणि तुमची दिशा अगदी उलटी होती. पत्ता तर आम्हाला त्या दिवशी पंधरा जणांनी सांगितला असेल, वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण सोबत कुणी आलं नव्हतं. तुम्ही आलात.

लॉजला पार्किंग नाही हे तिथे गेल्यावर कळलं. फोनवर आहे म्हणाले होते. मी भांडायच्या तयारीत होते पण तुम्ही मधे पडलात, "राहू दे पोरी, आपल्या वाड्यात लाव." फाटक उघडलंत, तुळशीच्या कुंड्या स्वतः उचलून बाजूला केल्यात, या वयात, मी नको नको म्हणत असताना, आणि इंजिन बंद होईपर्यंत मागे उभे राहून "आने दो, आने दो" करत होतात. मग काकूंनी हातपाय धुवायला पाणी, बाबांचे ड्रॉप टाकायला स्वच्छ रुमाल, ज्वारीची भाकरी, आणि आंबट चुक्याची भाजी. हैदराबादमधे पहिल्या रात्री आम्ही बिर्याणी खाऊ असं मी ठरवलं होतं, पण त्या भाकरीची सर कशालाच नाही.

बाबांना इतकं बोलताना मी कितीतरी दिवसांनी बघितलं. तुमचे वडील निजामाच्या काळात बिलोलीहून शिकायला आले आणि इथलेच झाले, माझे आजोबा उर्दूतून शिकले, मग सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपून हैदराबाद भारतात आलं, मग १९५६ ला राज्यं वेगळी झाली आणि मराठवाडा तिकडे, हैदराबाद इकडे, हे तुम्ही दोघं असं बोलत होतात जसं कालच घडलंय. विवेकवर्धिनीचा विषय निघाला, १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या लोकांनी उभी केलेली ती शाळा, निजामाच्या राजधानीत मराठी मुलांसाठी. विचारवंत नरहर कुरुंदकर हैदराबादला सिटी कॉलेजात शिकले आणि नंतर आमच्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजात आले, ते बाबांचं लाडकं प्रकरण, त्यावर तर काकूंनाच तुम्हा दोघांना थांबवावं लागलं. मला यातलं फारसं माहीतच नव्हतं. आमच्या पिढीला पुणे म्हणजे सगळं, शिक्षण पुणे, नोकरी पुणे, हैदराबाद म्हणजे दवाखाना आणि एअरपोर्ट. अजूनही नांदेडची रेल्वे सिकंदराबादवरून, साउथ सेंट्रलमधून चालते, एवढं जवळचं शहर आहे ते आपलं, आणि मी त्याच्याकडे दिवसभर शत्रूसारखं बघत होते.

आणि तो कागद! कालनिर्णयच्या जुन्या पानामागे तुम्ही सकाळच्या रस्त्याचा नकाशा काढून दिलात. त्यात एकही रस्त्याचं नाव नाही, फक्त खुणा. काचीगुड्याचा चौरस्ता, मग नारायणगुडा, हिमायतनगर, लिबर्टी, खैरताबाद, पंजागुट्टा. प्रत्येक ठिकाणी बाण, आणि बाणापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कुठल्या लेनमधे कधीपासून राहायचं ते. "इथून डावी सोडू नको." "इथं सगळे वर चढतील, तू खालून." बंजारा हिल्सला तुम्ही दोनदा अधोरेखित करून लिहिलंत की रोड नंबरच्या क्रमावर विश्वास ठेवायचा नाही, एकानंतर दोन येईलच असं नाही, नंबर वाचत बसण्यापेक्षा विचार. आणि खाली, "आठच्या आत निघा." आम्ही पावणेआठला निघालो. काका, मी फोन डॅशबोर्डवर ठेवला पण आवाज बंद केला आणि बाबा तो कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तुम्ही मार्करने मोठ्ठं लिहिलं होतं हे मला तेव्हा लक्षात आलं. कुठेही न चुकता, कुणाचीही शिवी न खाता दवाखान्याच्या गेटसमोर पोचलो.

परतीलाही तेच. बाबांच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकलेले, त्यांना उजेड सहन होत नव्हता, कागद वाचणार कोण, पण तुम्ही उलटा रस्ता मला सकाळीच तोंडी पाठ करून घेतला होतात, शाळेत पाढे घेतात तसा.

त्यानंतर मला तीच माणसं वेगळी दिसायला लागली हे खरं. हिमायतनगरला एक ऑटोवाले चाचा स्वतःहून ओरडले, "बेटा, मिरर खोलो, बंद है", बाबांच्या बाजूचा आरसा कुणाच्या तरी धक्क्याने मिटला होता. आदल्या दिवशी मी त्यांच्याशीही भांडले असते. रस्ते तेच होते, गर्दी तेवढीच, कोठीच्या पार्किंगवाल्याचा राग मला अजून आहे आणि तो राहणार, पावती न देता पैसे घेणं चुकीचंच. बाहेरगावच्या नंबरप्लेटला बघून बोलणाऱ्यांचाही राग आहे. दवाखान्यासाठी रोज किती गाड्या येत असतील मराठवाड्यातून, आत पेशंट असतो, हे कुणी बघत नाही. आमच्याकडेही हेच चालतं. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला पंजाबहून भाविक येतात, पीबी पासिंगच्या गाड्या आमच्या वजिराबाद भागाच्या गर्दीत अडकून पडतात आणि आम्ही बाजूने हॉर्न मारत जातो. मागच्या आठवड्यात एक सरदारजी फॅमिली अशीच अडकलेली दिसली, गुरुद्वाऱ्याच्या पार्किंगचा रस्ता सापडत नव्हता, मी माझी गाडी पुढे घातली आणि त्यांना म्हटलं या मागून. बाबा शेजारी होते, ते म्हणाले हात बाहेर काढून दाखव की, काकांसारखा.

बाबांचं प्रेशर आता कमी झालंय, दोन्ही डोळ्यांचं. ड्रॉप आयुष्यभर चालू ठेवावे लागतील पण आहे ती नजर टिकेल असं डॉक्टर म्हणाले. पेपर वाचतात, भिंग लावून. तुमच्यासाठी त्यांनी कुरुंदकरांचे लेख काढून ठेवलेत, त्यांच्या जवळची जुनी प्रत, ती ते कुणाला हात लावू देत नाहीत.

दसऱ्यानंतर परत चेकअप आहे. गाडीनेच येणार. काकूंना सांगा, तिकडे चांगलं करडईचं तेल मिळत नाही म्हणाल्या होत्या ना, आमच्या ओळखीच्या घाण्यावर सांगून ठेवलंय, पाच लिटरचा कॅन आणतेय, पैशाचं नाव काढायचं नाही. आणि यावेळी तुळशीच्या कुंड्या तुम्ही उचलायच्या नाहीत, मी आल्यावर मी उचलते.

तुमची,
नांदेडची पोरगी