मिसळणाच्या डब्यातली वाटी

बंगळूर, १२ जून

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा म्हणाले, "सशांना चारशे रुपये किलोचं खाद्य? अगं, आपण खातो तो तांदूळ साठ रुपयांचा आहे." तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. मीटिंगला उशीर होत होता, आणि फोनवर पैशाचं बोलणं निघालं की आपण दोघंही आवाज चढवतो. म्हणून लिहितेय.

बाबा, आधी तुमचाच हिशेब धरू. मी मे महिन्यात कऱ्हाडला आले होते तेव्हा पाहिलं, वाडगं रिकामं दिसलं की भरायचं असा तुमचा नेम आहे. दोन किलोची पिशवी आठ दिवसांत संपत होती, म्हणजे महिन्याला साडेसात किलो. १८० रुपये किलोने झाले १,३५० रुपये. आता आपले दोन्ही ससे, कापूस आणि तीळ, दोन-दोन किलोच्या आसपास आहेत. मोठ्या सशाला वजनाच्या किलोमागे दिवसाला २५ ग्रॅम पेलेट, म्हणजे या खाद्याच्या गोळ्या, ही वरची मर्यादा. दोघांना मिळून १०० ग्रॅम, महिन्याला तीन किलो. चारशेने झाले १,२००. महाग खाद्यच स्वस्त पडतंय.

आई, तू म्हणशील, मग पोरांचं पोट कसं भरणार? ते गवताने भरायचं. सशाचं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, पेलेट नुसती तोंडी लावायला. त्यांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि झिजतात ते गवत तासन् तास चावून. पेलेट दोन चाव्यांत विरघळतं. पोटाचंही तसंच आहे, जाडसर चोथा पुढे सरकत राहिला तरच आतडं हलतं.

गेल्या श्रावणात तिळाने खाणं टाकलं ती रात्र आठवते ना? मी इथून व्हिडिओवर बघत होते. तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, आणि त्याच्या लेंड्या मिऱ्यापेक्षाही बारीक, एकीला एक केसाने जोडलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ससा बारा तास उपाशी राहिला तर वाट बघायची नाही, लगेच आणायचं. बाबा पावसात रिक्षा शोधत गेले, आणि तू दोन दिवस पिचकारीने भरवत राहिलीस. त्या वेळी आपण जे खाद्य देत होतो ते दुकानदाराने "सगळे हेच नेतात" म्हणून दिलं होतं, मक्याचे दाणे, सूर्यफूल, लाल-पिवळ्या रंगीत गोळ्या. तीळ मका आणि सूर्यफूल वेचून खायचा, बाकी तसंच टाकायचा. आम्हीच माहिती न घेता आणलं, ही रुखरुख माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून मिश्रण नको, सगळ्या गोळ्या एकसारख्याच हव्यात, म्हणजे वेचायला काही उरत नाही. पिशवीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. बाबा, भिंग घेऊन तीन आकडे बघा. क्रूड फायबर, म्हणजे चोथा, १८ टक्के किंवा जास्त. प्रोटीन १२ ते १४. फॅट तीनच्या आत. घटकांत पहिलं नाव गवताचं हवं. टिमोथी नावाचं गवत असेल तर उत्तम. अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघास. ती वाढत्या पिल्लांना चांगली, पण या दोघांना नको. सशाच्या अंगात कॅल्शियम गरजेपुरतं थांबत नाही, जेवढं खाल्लं तेवढं शोषलं जातं आणि जास्तीचं लघवीतून बाहेर पडतं. कापसाच्या पिंजऱ्यात चुन्यासारखे पांढरे डाग दिसतात म्हणालीस ना आई, ते यामुळे असू शकतात. डॉक्टरांना एकदा दाखव.

नवं खाद्य आलं की पाच-सहा गोळ्या वाटीभर पाण्यात टाकून बघा. मी इथे तीन कंपन्यांचे नमुने असे तपासले. एकाच्या गोळ्या फुगून पिठासारखा गाळ झाला. दुसऱ्यात गवताचे बारीक धागे बोटाला लागत होते आणि वास वाळल्या चाऱ्यासारखा येत होता. तेच मी पाठवलंय. तिसरं सर्वांत महाग होतं, पण पिशवीच्या तळाशी मूठभर भुकटी. भुकटी ससे खात नाहीत, तिचे पैसे फुकट जातात.

बाबा, तुमच्या मित्राने सुचवलेलं ससेपालनवाल्यांचं खाद्य खरंच स्वस्त आहे, आणि वाईटही नाही. पण ते मांसासाठी पाळलेल्या सशांचं वजन झटपट वाढावं म्हणून केलेलं असतं. आपल्याला यांचं वजन वाढवायचं नाही. कोंबडीखाद्य मात्र मूठभरही नको. त्यात कोंबड्यांच्या रोगावर औषध मिसळलेलं असू शकतं आणि त्यातली काही औषधं सशाला विषासारखी असतात.

पावसाळ्यात मोठी पिशवी घेऊ नका, कितीही सूट असली तरी. दीड महिन्यात संपेल एवढंच घ्या आणि पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आई, वास कुबट आला तर उन्हं दाखवून वापरू नकोस. बुरशीचं विष उन्हाने जात नाही. तुझा हात अन्न टाकायला धजत नाही हे मला माहीत आहे, पण हे टाकायचं.

बदल एकदम करू नका. पहिले दोन-तीन दिवस जुनं पाऊण, नवं पाव. मग निम्मं-निम्मं. आठ-दहा दिवसांत पूर्ण नवं.

मापाचं मी सोपं केलंय. माझ्याकडे तुझ्यासारखाच मिसळणाचा डबा आहे, त्यातली एक वाटी सपाट भरून काट्यावर ठेवली तर ४८ ग्रॅम भरली. म्हणजे एका सशाला सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. शीग लावायची नाही. तीळ पुढचे पाय उचलून मागेल, जाळी हलवेल. तेव्हा गवत पुढे करा, कोथिंबिरीची काडी द्या, डोक्यावरून हात फिरवा. पोळीचा तुकडा आणि बिस्कीट नको, आई, एवढं माझं ऐक. पेलेट जास्त झालं की ते रात्रीची मऊ लेंडी खात नाहीत. ती त्यांना परत खावी लागते, त्यात त्यांची जीवनसत्त्वं असतात. मग ती मागे चिकटते आणि तू कंबर वाकवून कोमट पाण्याने धूत बसतेस.

गवतासाठी बाबांनी गुडघा दुखत असताना बांधावर जायचं नाही. मारवेल वाळवून देणारा कुणी जवळपास आहे का विचारा. तणनाशक मारलेलं नको, आणि ज्वारीची कोवळी धाटं तर मुळीच नाही. कोवळ्या ज्वारीतलं विष, म्हणजे किराळ, गुरांना लागते हे बाबांनीच मला लहानपणी शिकवलंय.

पैसे मी पाठवतेय, ते परत पाठवू नका. मी नोकरीसाठी निघाले तेव्हा हे दोघं तुमच्याकडे ठेवताना चार महिन्यांचं बोलले होते. तीन वर्षं झाली. दुपारी तू पेपर वाचतेस तेव्हा कापूस तुझ्या पायाशी येऊन बसतो हे बाबांनी सांगितलं, त्या दिवशी मला इथे एकटीला बरं वाटलं होतं.

रविवारी दोघांना पिशवीत बसवून भाजीच्या काट्यावर तोला आणि आकडा कळवा. बाबा, तुमच्या साखरेचा रिपोर्टही त्याच फोनवर.

तुमची,
मनू