सातपुड्यात बर्फ पडत नाही, दहिवर गोठते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडीची लाट आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळ, डाब, वालंबा भागातल्या पांढऱ्या गवताची छायाचित्रे फिरू लागतात. मथळा ठरलेला : सातपुड्यात हिमवर्षाव. तो वाचून लोक गाड्या काढतात, सकाळी दहाला वर पोचतात आणि ओले गवत पाहून हिरमुसून परततात. बर्फ ढगातून पडतो. इथे तर त्या रात्री आभाळ निरभ्र असते. पांढरे दिसते ते गोठलेले दहिवर, म्हणजे दव. आपल्या अंकात तरी त्याला बर्फ म्हणू नये, ही विनंती, कारण जायचे कधी आणि कुठे हे त्या एका शब्दावर ठरते.

हिमाचल-काश्मीरकडे बर्फ पडून आभाळ मोकळे झाले की बहुधा दोन-तीन दिवसांत उत्तरेचे कोरडे वारे खान्देशात पोचतात. मग वारा पडलेली, चांदण्या लख्ख दिसणारी रात्र आली की जमिनीची ऊब थेट आकाशात निघून जाते. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच असतो. उघड्यावरचे गवताचे पाते त्याहून तीन-चार अंशांनी थंड होऊ शकते. म्हणून पारा ३ अंश दाखवत असला तरी पात्यावर दहिवर गोठते. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खोलगटात साचते. तेव्हा तोरणमाळच्या सीताखाई दरीच्या कड्यावर उभे राहून पांढरे गवत शोधण्यात अर्थ नाही. ते नाल्याकाठच्या मोकळ्या गवतात आणि पठारावरच्या खोलगट वावरांत सापडते. झाडाखाली नाही, फांद्या ऊब अडवतात. दाट धुई, म्हणजे धुकेसुद्धा तेच करते, त्यामुळे धुईने भरलेली दरी आणि पांढरे कुरण एकाच जागी, एकाच पहाटे सहसा मिळत नाही. धुई पाहायला मात्र कड्याइतकी चांगली जागा नाही.

जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि सर्वांत जास्त थंडी त्याच सुमारास असते. साडेसहाला पायी निघावे. उन्हात साडेआठनंतर फारसे उरत नाही. मुक्काम आदल्या रात्री वरच करावा. अंधारात, धुईत घाट चढणे टाळावे. चढावाच लागला तर गाडीचा दिवा खालच्या झोतावर ठेवावा, वरचा झोत धुईवर आदळून डोळ्यांवरच येतो.

कपड्यांत सर्वांत मोठी चूक जीन्सची. गवतातून अर्धा तास चालले की ती गुडघ्यापर्यंत भिजते आणि दुपारपर्यंत वाळत नाही. पटकन वाळणारी पँट, अंगालगत सुती बनियनऐवजी घाम न धरणारा पातळ सदरा, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारे जाकीट पुरते. चढावर घाम येण्याआधीच लोकर काढावी. थांबल्यावर हुडहुडी भरते ती घामाने. मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत बांधून न्यावा. तहान जाणवत नसली तरी माणशी दीड-दोन लिटर पाणी लागतेच. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून मोबाइल आतल्या खिशात ठेवावा. वाळलेल्या गवताच्या उतारावर आणि ओल्या काळ्या कातळावर बूट घसरतो. तिथे आडवे पाऊल टाकत, तिरपे उतरावे. धुईत वाट हरवली तर बसून राहावे. ऊन चढले की ती बहुधा विरते, आणि कड्याच्या बाजूला चाचपडण्यापेक्षा तास-दोन तास गेलेले बरे.

डाबकडे स्ट्रॉबेरीची शेती आहे. गोठलेले पान पायाखाली मोडते आणि काळे पडते, तेव्हा छायाचित्रासाठी वाफ्यात उतरू नये. आधीच थंडीने धास्तावलेल्या शेतकऱ्याचे नुकसान होते.

रात्रीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निखाऱ्यांची शेगडी खोलीत, तंबूत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला जाग न येताच तो घात करतो. त्यापेक्षा एक घोंगडी जास्त न्यावी आणि ती अंगाखाली अंथरावी, कारण गारठा जमिनीतूनही चढतो. शेकोटी बाहेरच, मोकळ्या मातीवर करावी आणि निजण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत ढवळावी. या दिवसांत डोंगरावरचे गवत वाळलेले असते.

– सातपुड्यात पायी हिंडणारे काही वाचक, शहादा (जि. नंदुरबार)