सह्या करू नका, रविवारी या!

सर्व सभासदांना नमस्कार,

बॅटरी लाइनवर कामगार कपात सुरू झाली आहे. शुक्रवारी सेकंड शिफ्टच्या चार पोरांना केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा'. तारखेची जागा कोरी. एकाने सही केली, तिघं "घरी विचारून सांगतो" म्हणून उठले. शहाणे!

राजीनामा दिलात की ती कपात राहत नाही, आणि भरपाईचा हक्क जातो. कपात असेल तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार मिळतो. शेवटी लागलेला आधी जातो, हा साधारण नियम. आपल्याकडे 9 वर्षांचे जुने लोक आधी काढायला निघालेत.

ग्रॅच्युइटी वेगळी. मूळ पगार आणि डीए मिळून 18,200 असेल आणि नोकरी 7 वर्षं, तर 18,200 × 15 ÷ 26 × 7 म्हणजे 73,500 रुपये. ते भरपाईत 'धरले' असं एचआर सांगेल, ऐकू नका.

रविवारी सकाळी 10 वाजता आकुर्डीला, खंडोबा माळाजवळ नेहमीच्या जागी बैठक. नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि पीएफ पासबुकची प्रिंट आणा. कंत्राटी मित्रांनीही यावं, गेटपासची झेरॉक्स घेऊन. सोमवारी कामगार आयुक्तांकडे अर्ज द्यायचा आहे.

ज्याने सही केली त्याला टोमणे मारू नका. त्यालाही घेऊन या.

– सचिव