ताई, कमिटवरच्या माझ्या नावासाठी

प्रिय ताई,

परवा माझा ऑफिसचा ईमेल बदलला आणि रेपोतल्या (गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, ते जपतं त्या कोडच्या साठ्यातल्या) मेलमॅप फाइलमध्ये मी एक ओळ वाढवली. कुठली नावं आणि पत्ते एकाच माणसाचे, हे ही फाइल गिटला सांगते. तिच्या पहिल्या दोन ओळी तुम्ही शेजारी बसून माझ्याकडून लिहून घेतल्या होत्या. तेव्हा आभार मानायचे राहूनच गेले.

वर्षभराचं काम दाखवायचं म्हणून मी गिट शॉर्टलॉग चालवला (कुणाचे किती कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, याची नावावार यादी देणारी आज्ञा), तर यादीत मी तीनदा! एकदा पूर्ण नावाने, एकदा घरच्या लॅपटॉपवरच्या टोपणनावाने, आणि सर्वांत जास्त कमिट 'डॉट लोकल'ने संपणाऱ्या कुठल्याशा पत्त्यावर. ऑफिसच्या मॅकवर गिटच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंग्जमध्ये, मी युजर डॉट नेम आणि युजर डॉट ईमेल भरलेच नव्हते. गिटने मशीनच्या नावावरून अंदाजाने पत्ता लावला होता. सर्व्हरला ओळख पटवणारी एसएसएच की माझी, म्हणजे नावही माझंच लागणार, असं मी धरून चालले होते. ती की फक्त सर्व्हरवर आत सोडते. कमिटवर जातं ते कॉन्फिगमधलं नाव, हे तुमच्याकडून कळलं.

मी रडवेली होऊन सगळा इतिहास नव्याने लिहायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. नाव आणि ईमेल कमिटच्या हॅशमध्येच, म्हणजे कमिटच्या मजकुरावरून निघणाऱ्या त्याच्या ओळख-खुणेतच, मुरलेले असतात. एक जुनं नाव बदललं की तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात आणि टीममधल्या प्रत्येकाची प्रत अडकते. मेलमॅपने जुने कमिट जागच्या जागी राहिले, यादीत नाव मात्र एकच आलं.

तुमची बस केव्हाच गेली होती, तरी तुम्ही उठला नाहीत. युजर डॉट यूज-कॉन्फिग-ओन्ली चालू करायला लावलंत: ईमेल भरलेला नसेल तर गिट अंदाज करणार नाही, कमिटच अडवेल. घर आणि ऑफिस वेगळं ठेवायला इन्क्लूड-इफ दाखवलंत, म्हणजे फोल्डर पाहून वेगळं कॉन्फिग लावणारी सोय. फोल्डरच्या शेवटची तिरकी रेघ विसरायची नाही, आणि इन्क्लूड-इफची ओळ ग्लोबल फाइलमध्ये (माझ्या सगळ्या रेपोंना लागू होणाऱ्या कॉन्फिगमध्ये) युजरच्या भागाच्या खालीच हवी, कारण नंतरचं लागू होतं. नव्या मशीनवर मी आजही आधी हेच करते.

"काम तुझं आहे, ते तुझ्या नावावर दिसलं पाहिजे," असं तुम्ही म्हणालात. माझ्याइतकंच ते तुम्हालाही लागलं होतं, हे मी विसरलेले नाही.

परवाची ओळ टाकून शॉर्टलॉग पुन्हा चालवला. पहिल्या दिवसापासूनचं सगळं एका नावाखाली आहे. ते तुम्हाला सांगायचं होतं.

तुमची,
जुनी सहकारी