मित्रास पत्र : एकच वर्ग, पाचवीपासून दहावीपर्यंत

जबलपूर,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीतले पत्र वेळेवर मिळाले, पण त्यातल्या एका प्रश्नापाशी मी तीन आठवडे अडून राहिलो. "३० एप्रिलला निवृत्त झाल्यावर पुढे काय?" असे तू सरळ विचारले आहेस. शाळेतले सहकारी हेच रोज विचारतात आणि मी त्यांना "बघू या" म्हणून वाटेला लावतो. वाईच्या घाटावर पाठीला डबा बांधून ज्याच्याबरोबर पोहायला शिकलो, त्याला असे उत्तर देता येत नाही. म्हणून आज रविवारची वाट न पाहता लिहायला बसलो आहे.

सैन्यातल्या आणि केंद्र सरकारच्या नोकरीतल्या माणसांच्या मुलांचे शिक्षण बदल्यांमुळे तुटू नये, यासाठी १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालये सुरू झाली, हे तुला ठाऊक आहेच. १९९१ साली मी आसाममधल्या तेजपूरच्या शाळेत भूगोल शिकवायला रुजू झालो, तेव्हा या व्यवस्थेची दुसरी बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. इथे मुलांचीही बदली होते आणि शिक्षकाचीही. सहावीत ज्याला नकाशावर दिशा शोधायला शिकवावे, तो आठवीत अंबाल्याला गेलेला असतो. आणि तो राहिलाच, तर आपण गेलेलो असतो. चौतीस वर्षांत माझ्या आठ बदल्या झाल्या. या बदल्यांनी मला जेवढे दाखवले तेवढे फार थोड्यांना पाहायला मिळते, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे; पण या चौतीस वर्षांत एकही वर्ग मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिकवता आला नाही.

तेजपूरचा एक मुलगा अजून आठवतो. सातवीत होता. ब्रह्मपुत्रेतल्या वाळूच्या बेटांना तिकडे चापरी म्हणतात. त्याचे आजोळ अशाच एका चापरीजवळच्या गावात होते. मी फळ्यावर नदीचा नकाशा काढत असताना तो उठून म्हणाला, "सर, तुम्ही जिथे नदी काढली आहे, तिथे आधी आमच्या मामाचे घर होते." त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि किनारा कसा कापला जातो, ते त्याच्याकडूनच सगळ्या वर्गाला ऐकवले. पुढच्या सुट्टीत त्या गावाला येईन, असे मी त्याला वचन दिले होते. त्याआधीच माझ्या बदलीचा हुकूम आला आणि वचन तसेच राहिले. तो आता पंचेचाळिशीच्या घरात असेल. ही चूक बदलीच्या नावावर टाकावी असे मला वाटत नाही. एक पत्र तर मी नक्कीच लिहू शकलो असतो.

मधल्या इंदूर, गांधीनगर वगैरे वर्षांबद्दल मी तुला वेळोवेळी लिहिलेच आहे. २००४ ते २००७ ही लेहमधली तीन वर्षे मात्र पुन्हा आठवावीशी वाटतात. साडेतीन हजार मीटर उंचीवरचे ते गाव. वर्षाचा सगळा पाऊस मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर. त्या मुलांना मी महाबळेश्वरच्या पावसाचे वर्णन करून सांगे. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असे सांगितल्यावर, एका मुलीने फळ्याशेजारी पट्टी धरून मोजून पाहिले आणि मग ती छताकडे पाहत राहिली. कारण तेवढे पाणी साठले असते, तर वर्गाच्या छताच्याही वर गेले असते. तिथून घाट उतरून वाईत आले की पाऊस इतका कमी का होतो, हे मी तिथेच शिकवले. त्यांचे लेह हिमालयाच्या आड आणि आपली वाई सह्याद्रीच्या आड, हे कळल्यावर त्या मुलांना वाई जवळची वाटू लागली.

माझ्या वाळूच्या बाटल्या तू पाहिल्या आहेस. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत नद्यांची वाळू भरून, वर गाव आणि तारीख लिहून ठेवण्याचा तो नाद तेजपूरला लागला. आज त्यांची संख्या १४३ झाली आहे. ब्रह्मपुत्रेची वाळू राखाडी, बारीक आणि अभ्रकामुळे चमकणारी. लडाखमधल्या निम्मूच्या संगमावर सिंधूची आणि झंस्कारची अशा दोन वेगवेगळ्या भरून घेतल्या. पण वर्गात सगळ्यांत जास्त उपयोगी पडली ती पहिल्या क्रमांकाची बाटली, म्हणजे आपल्या कृष्णेची काळी, जड वाळू. तिच्यात बेसाल्टमधून आलेले लोहयुक्त कण असतात. कागदावर ती पसरून खालून लोहचुंबक फिरवला की ते कण मुंग्यांसारखे रांगेने चालू लागतात. लेहपासून काठमांडूपर्यंत प्रत्येक वर्गात मी हे करून दाखवले आहे आणि प्रत्येक वेळी मागच्या बाकावरची मुले पुढे धावली आहेत.

काठमांडूबद्दल मी तुला कधी मोकळेपणाने लिहिले नाही. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ क्षमतेचा भूकंप झाला, तो शनिवार होता. नेपाळात शनिवार हा सुट्टीचा दिवस. दुपारी बाराला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली, तेव्हा वर्ग रिकामे होते. या एका गोष्टीने त्या देशातली किती मुले वाचली, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. त्याआधी काही महिने मी मुलांना चोभारची घळ दाखवायला नेले होते. मंजुश्रीने तलवारीने डोंगर कापून तळ्याचे पाणी वाहून दिले, ही तिथली कथा, आणि हे सगळे खोरे खरोखरच एका प्राचीन सरोवराच्या गाळावर वसले आहे, हे भूशास्त्र. दोन्ही मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते. भूकंपात तोच मऊ गाळ जास्त हेलकावला. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एका मुलाने विचारले, "सर, हे तुम्हाला आधीच माहीत होते, तर मग तुम्ही आम्हाला घाबरायला का सांगितले नाही?" मी त्याला काहीच उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हापासून कोणत्याही जागेचा भूगोल शिकवताना, तिथे राहणाऱ्याने काय सांभाळावे, हे सांगितल्याशिवाय मी धडा संपवत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पुण्याच्या एका खासगी शाळेने मला शैक्षणिक समन्वयक म्हणून बोलावले आहे. पगार चांगला आहे, पण काम मुख्यतः वेळापत्रकांचे आणि निकालांचे आहे. मुलीला आम्ही बंगळुरूला यावे असे वाटते, आणि हिचाही ओढा तिकडेच आहे. त्यात चूक काहीच नाही. मला स्वतःला मात्र वाईला यायचे आहे. आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत वाळूच्या बाटल्या, नकाशे आणि माझी सहा इंची दुर्बीण मांडावी, आणि आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतल्या पाचवीच्या पंधरा-वीस मुलांना शनिवार-रविवार बोलवावे. तीच मुले दहावीपर्यंत, म्हणजे सहा वर्षे. त्यांच्याबरोबर क्षेत्र महाबळेश्वरपासून संगम माहुलीपर्यंत कृष्णेचा काठ तुकड्यातुकड्याने चालावा, आणि घाट, ओढे, विहिरी, पुराच्या खुणा टिपत एक नकाशा दरवर्षी पुढे वाढवावा. मी सासष्ट वर्षांचा होईन तेव्हा तो पुरा होईल.

हा विचार कुठून आला, तेही सांगतो. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघे पुन्हा लडाखला गेलो आणि हानले गाव पाहिले. तिथे ४,५०० मीटर उंचीवर वेधशाळा आहे, आणि त्या परिसराचे आकाश अंधारे राखण्यासाठी तो संरक्षित केला आहे. पण मला गुंतवले ते गावकऱ्यांनी. तिथल्या तरुणांना प्रशिक्षण आणि दुर्बिणी दिल्या आहेत, आणि ते आपल्याच अंगणात उभे राहून आलेल्या पाहुण्यांना आकाश दाखवतात. ज्या तरुणीने आम्हाला शनी दाखवला, ती जिथे उभी होती तिथेच लहानाची मोठी झाली होती, आणि तिच्या बोलण्यात जो ठामपणा होता तो माझ्या कोणत्याही तासाला आला नसेल. परतताना मी हिला म्हणालो, की मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावचा भूगोल शिकवला.

एक अडचण तुझ्यापुढे ठेवतो. मी मराठीत कधीच शिकवलेले नाही. जिभेवर हिंदी शब्द बसले आहेत. 'भरती-ओहोटी' म्हणायच्या ऐवजी 'ज्वार-भाटा' येते, 'पर्जन्यछाया' आठवेपर्यंत 'वृष्टिछाया' तोंडून निघून जाते आणि जमिनीच्या धुपेला मी 'अपरदन' म्हणतो. म्हणून बालभारतीचे पाचवीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आणि सहावी ते दहावीची भूगोलाची पुस्तके मागवली आहेत आणि रोज रात्री एक धडा मोठ्याने वाचतो. ही ऐकत असते आणि चुका सांगते, त्यावरून तिचा विरोध थोडा सैल झाला आहे असे मी समजतो.

इथे जबलपूरला शाळेजवळच्या टेकडीवर मुलांना नेतो, तेव्हा वरच्या काळ्या दगडावर हात ठेवून मी जरा वेळ उभा राहतो. त्याच्या खालच्या, लमेटा नावाच्या खडकाच्या थरांत १८२८ साली डायनोसॉरची हाडे सापडली. पण मला ओढ त्या वरच्या दगडाची असते, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने तो घडवला, त्याच लाव्ह्याचे थर आपल्या घाटाखाली आहेत.

तुझ्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. घराच्या मागच्या खोलीचे आढे वाळवीने कितपत खाल्ले आहे, ते सुताराला घेऊन एकदा पाहून ये. मेणवली आणि धोमकडच्या शाळांतले गुरुजी तुझ्या ओळखीचे आहेत. शनिवारी मुले येतील का, की त्या दिवशी ती शेतावर लागतात, हे त्यांना मोकळेपणाने विचार. आणि तिसरे, तुला हे सगळे अव्यवहार्य वाटत असेल तर तसे स्पष्ट लिही. पुण्याच्या शाळेला मला १५ डिसेंबरपर्यंत कळवायचे आहे.

वहिनींना सप्रेम नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघेही येत आहोत. खालच्या खोल्यांची किल्ली तुझ्याकडेच असू दे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
घाटावरचा जुना सोबती