रंगमंचाबाहेरचे नृत्य

संग्रहालयांतील नृत्यप्रयोग म्हणजे निव्वळ शोभेचा देखावा, हे रविवारच्या पुरवणीतील लेखाचे मत पटले नाही. बेल्जियमच्या नृत्यदिग्दर्शिका आन तेरेसा द केर्समाकर यांनी २०१५ मध्ये ब्रुसेल्सच्या वील्स कलाकेंद्रात आपली सुमारे तासाभराची रंगमंचीय रचना नऊ तासांच्या आवर्तनात विस्तारून नऊ आठवडे सादर केली आणि प्रेक्षकांना नर्तकांच्या आसपास मोकळेपणी हिंडू दिले. त्याआधी २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वाळूवर नाचताना त्यांच्या पावलांनी फुलासारखी वर्तुळाकार नक्षी रेखाटली होती, जी नाट्यगृहात समोरच्या खुर्चीतून धड दिसलीही नसती. दिवसभर कठीण फरशीवर नाचणाऱ्यांच्या विश्रांतीचा आणि मानधनाचा प्रश्न लेखकाने उपस्थित केला असता, तर तो आक्षेप मात्र रास्त ठरला असता.

– एक वाचक, पुणे