तास मोजले, पण परीक्षा कोणी घेतली?

संपादक महोदय,

जळगाव, धुळे आणि शिरपूर या तिन्ही धावपट्ट्यांवर विमान प्रशिक्षण चालते. त्यामुळे बारावीनंतर 'पायलटचे इथेच शिकवायचे की अमेरिकेत पाठवायचे' हा प्रश्न खान्देशातल्या बऱ्याच घरांत निघतो. चर्चा मात्र तासांवरच अडकते. भारतात व्यावसायिक परवान्याला (सीपीएल) २०० तास लागतात आणि अमेरिकेत नेहमीच्या मार्गाने २५०, म्हणजे तिकडचे शिक्षण सव्वापट चांगले, असा हिशेब लोक मांडतात. तो चुकीचा आहे.

२०० तास ही आयकाओची (संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेची) आंतरराष्ट्रीय किमान मर्यादा आहे आणि मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात तीही १५० पर्यंत खाली येते. अमेरिकेतही मान्यताप्राप्त शाळेत १९० तासांत परवाना मिळतो. विमान कंपनीत सहवैमानिक व्हायला तिकडे साधारण १,५०० तास लागतात. हा नियम २०१३ मध्ये आला आणि त्याचे मूळ फेब्रुवारी २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातात आहे. पण त्या विमानाच्या कप्तानाकडे ३,३०० हून अधिक तास होते, सहवैमानिकाकडे २,२०० हून अधिक. स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) इशारा मिळाल्यावर कप्तानाने नाक खाली घेण्याऐवजी कंट्रोल मागे ओढला. तो आधीच्या काही चेक राइडमध्ये (उड्डाण चाचण्यांत) नापास झाला होता आणि ते सगळे कंपनीला ठाऊक नव्हते, हे चौकशीत निघाले. दोष तासांचा नव्हता, तपासणीच्या नोंदींचा होता.

म्हणून पालकांनी आधी विचारावे की परीक्षा कशी होते आणि ती घेतो कोण.

लेखी परीक्षा आपल्याकडे नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल जनरल (विमानाची सर्वसाधारण माहिती) आणि टेक्निकल स्पेसिफिक (ठरावीक विमानाची माहिती) अशी होते, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात, शिवाय रेडिओची आरटीआर असते. युरोपात एअरलाइनकडे जाणारा विद्यार्थी १३ पेपर देतो. प्रत्येकात ७५ टक्के हवेत, एका पेपरला चारच संधी, आणि सगळे १८ महिन्यांत संपवायचे. अमेरिकेत सीपीएलचा लेखी पेपर एकच, १०० प्रश्नांचा. तो सोपा वाटतो, पण खरी गाळणी पुढच्या तोंडी परीक्षेत आहे. परीक्षक एक मार्ग देतो. उमेदवाराने त्या दिवसाचे हवामान, वजन, इंधन आणि लागणारी धावपट्टी विमानाच्या पुस्तिकेतून काढून आणायची, आणि प्रत्येक आकडा का घेतला ते सांगायचे.

हे का महत्त्वाचे ते जळगावच्याच उदाहरणावरून पाहा. विमानतळाची उंची सुमारे ८४० फूट. त्या उंचीवर प्रमाणित तापमान साधारण १३ अंश, आणि मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर. फरक ३२ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून मोजलेली उंची, सुमारे ४,७०० फूट येते. म्हणजे विमान जळगावात उभे, पण हवा महाबळेश्वरच्या उंचीइतकी विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के घटते. धाव लांबते आणि जमिनीवरचा खरा वेग नेहमीपेक्षा जास्त दिसतो. विद्यार्थ्याला वाटते वेग पुरेसा झाला. तो नाक लवकर उचलतो, विमान जमिनीलगतच्या हवेच्या आधाराने वर येते आणि पुढे चढतच नाही. बहुपर्यायी प्रश्नात सूत्र पाठ असले तरी गुण मिळतात. 'आज दुपारी दोन जण आणि पूर्ण टाकी घेऊन निघशील का?' असे समोरून विचारले की समज उघडी पडते.

अमेरिकेच्या उड्डाण चाचणीची मापेही छापील आहेत: ५० अंश झुकावाच्या वळणात उंची १०० फुटांच्या आणि वेग १० नॉटच्या आत राखायचा, शॉर्ट फील्ड लँडिंगला (आखूड धावपट्टीवर उतरताना) ठरवलेल्या जागेपासून पुढच्या १०० फुटांत चाक टेकवायचे, त्या जागेच्या आधी अजिबात नाही. आपल्याकडची एक गोष्ट मात्र उजवी आहे. रात्रीच्या १२० नॉटिकल मैलांच्या क्रॉस कंट्रीची (लांब पल्ल्याच्या उड्डाणाची) आपण वेगळी चाचणी घेतो, तशी अमेरिकेच्या सीपीएल चाचणीत नाही.

आता मुख्य मुद्दा. युरोपचा नियम आहे की परवान्यासाठी लागणाऱ्या उड्डाण शिक्षणापैकी २५ टक्क्यांहून जास्त ज्याने दिले, त्याने त्या उमेदवाराची स्किल टेस्ट (परवान्याची उड्डाण चाचणी) घ्यायची नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा त्याच संस्थेतला मान्यताप्राप्त परीक्षक टेस्ट घेतो. (अमेरिकेतही काही शाळांना स्वतः परीक्षा घेण्याची मुभा आहे, तीही मला पटत नाही.) फी घेणारी संस्था, तास भरणारी संस्था आणि पास करणारी संस्था एकच असेल, तर प्रामाणिक इन्स्ट्रक्टरवरही दबाव येतो. कागदावरचा विश्वास उडाला की काय होते ते २०११ मध्ये वैमानिकांच्या खोट्या गुणपत्रिकांच्या प्रकरणात आपण पाहिले. २०२० मध्ये पाकिस्तानच्या मंत्र्यांनीच २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचे सांगितले आणि युरोपने त्यांच्या सरकारी विमान कंपनीला दारे बंद केली. त्यात नीट शिकलेल्यांचीही पत गेली.

डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली, हे चांगलेच झाले. पहिल्या यादीत एकही संस्था 'अ' श्रेणीत नव्हती. आता पुढचे पाऊल परीक्षकांबाबत टाकावे आणि त्याची सुरुवात खान्देशातून करावी. जळगावच्या विद्यार्थ्याची टेस्ट धुळ्याच्या परीक्षकाने घ्यावी, धुळ्याची शिरपूरच्या, शिरपूरची जळगावच्या. प्रशिक्षण विमानाने ही अंतरे तासाभराच्या आतली आहेत. सोबत अर्ध्या तासाची तोंडी परीक्षा सक्तीची करावी आणि पहिल्या प्रयत्नात किती जण उत्तीर्ण झाले ते संस्थेनिहाय छापावे.

तोवर पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. फी भरण्याआधी क्लास २ आणि मग क्लास १ वैद्यकीय तपासणी उरकून घ्यावी. रंगांधळेपणा पैसे भरल्यावर कळून उपयोग नाही. आणि मुलगा-मुलगी परदेशात शिकणार असेल, तर पायलट-इन-कमांडचे (पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असतानाचे) १०० तास स्वतंत्र, स्वच्छ नोंदवायला सांगावे. तिकडे एक जण डोळ्यांवर बाहेरचे दिसू न देणारा हूड लावून फक्त उपकरणांवर सराव करतो, शेजारचा बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट असतो आणि दोघेही तोच तास पीआयसी म्हणून लिहू शकतात. असे तास परदेशी परवाना इथे भारतीय परवान्यात बदलून घेताना वादात सापडतात. मग हवामान-नेव्हिगेशनचा एकत्रित पेपर, नियमांचा पेपर आणि आरटीआर देता देता गेल्या सहा महिन्यांत ठरावीक उड्डाण केलेले असण्याच्या अटीची मुदत उलटते, आणि विमान पुन्हा भाड्याने घ्यावे लागते.

आपला,
हवाई प्रशिक्षण क्षेत्रातील एक वाचक, जळगाव